खिडकीतला मुराळी

अक्का गेल्याचा फोन कल्याणच्या ऑफिसात आला. मिळेल त्या गाडीने चाळीसगाव जंक्शनला उतरलो आणि स्टेशनाबाहेर येऊन तसाच उभा राहिलो... सख्ख्या बहिणीचं घर कुठल्या बाजूला, ते मला ठाऊक नव्हतं. चहाच्या गाड्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं. त्याने मला निरखून पाहिलं.

"तुम्ही अक्काचे भाऊ ना? खिडकीतले?" मग स्टोव्ह बंद करत म्हणाला, "चला. दूर नही शे."

खरंच दूर नव्हतं. अक्काचं लग्न धुळ्यात, आमच्या देवपूरच्या घरासमोर झालं. पुढे दाजींनी चाळीसगावला स्टेशनामागे घर बांधलं. घरभरणीला मला रजा मिळाली नाही, आणि नंतर जायचं राहूनच गेलं. भेट मात्र चुकली नाही, कारण आमच्या गावाची वाटच तिच्या गावावरून जाते. मुंबईहून येणाऱ्या गाडीला धुळ्याचे डबे असत. चाळीसगावला ते कापत. बाकीची गाडी भुसावळकडे निघून जाई, आणि आमचे डबे धुळ्याच्या इंजिनाची वाट पाहत फलाटाशी उभे राहत. त्या वेळात अक्का यायची. हातात डबा, पदराने पुसलेला चेहरा. ती खाली उभी, मी वर खिडकीत. आईची खबरबात, दाजींची कंबर, तिच्या रेखाची शाळा... सगळं त्या गजांमधून.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते आणि तिला न्यायला भाऊ मुराळी होऊन जातो. त्याने काही आणलं नाही तरी चालतं, पण त्याला दारी यावं लागतं. त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवून सांजोऱ्या वाढायच्या, गल्लीने त्याची थट्टा करायची, मग बहीण निघते. मी मात्र दर आखाजीला निरोप धाडी: स्टेशनवरच ये, तुझी जागा धरून ठेवतो. आखाजीच्या गर्दीत बहिणीसाठी खिडकी राखणं, मला तीच माया वाटायची.

"घर जोडे शे रे," ती म्हणायची. "पाय धोई ले, चहा पी ले, लगेच परत येऊ."

"आणि जागा गेली म्हणजे?"

"गई ते उभं राहीसन जासूत. धुळं काय परदेशमा शे?"

एका आखाजीला शेजारीण तिला पोचवायला आली होती. "अक्का, तुना मुराळी कथा शे?" तिने मुद्दाम विचारलं. अक्काने माझ्याकडे बोट केलं. "तो काय, खिडकीमा बसेल शे." आजूबाजूचे हसले, मीही हसलो. अक्का डब्यात चढली, माझ्याशेजारी बसली, आणि शिरूड येईपर्यंत बोलली नाही. मला वाटलं, उन्हाने डोकं दुखत असेल.

गेल्या आखाजीला ती आली नाही. डबा घेऊन रेखा आली. "मामा, आईच्यानं यंदा चालवत नाही. ती म्हणते, तुम्ही घरी याल का?" इंजिन मागे मागे येत होतं. मी म्हणालो, "दिवाळीला नक्की येतो म्हणून सांग." डबा मात्र घेतला... सांजोऱ्या अजून गरम होत्या.

दिवाळीआधीच तिच्या दारी गेलो, ते माहेरची शेवटची साडी घेऊन. सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. सगळं आटोपून परतल्यावर अंगणात रेखाने माझ्या पायांवर पाणी ओतलं. आत भिंतीला शिसवी पाट टेकून ठेवला होता, पितळी फुलांचा, नव्यासारखा. मी पाहतोय हे तिच्या लक्षात आलं. "आई दर आखाजीला तो पुसून मांडायची आणि मग स्टेशनवर निघायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, आला तर धावपळ नको."

परवा पुन्हा धुळ्याला निघालो होतो. चाळीसगावला डबे कापले. जागेवर रुमाल टाकला आणि उतरलो. तिच्या घरी गेलो, पाय धुतले. रेखाने काही न विचारता पाट मांडला. त्यावर बसून चहा घेतला, दाजींशी दोन शब्द बोललो, परत आलो. इंजिन अजून लागायचं होतं. माझा रुमाल टाकला तसाच होता, आणि खिडकीखालचा फलाट रिकामा.