नऊ फोटोंची जागा

मोठे कॅमेरे ती दुरुस्तीला घेतच नसे. तळहातावर मावणारे, खिशात जाणारे डिजिटल कॅमेरे तेवढे. म्हणून गल्लीत तिचं नाव पडलं डबीवाली. हे काम ती सासऱ्यांकडे शिकली. त्यांच्या हाताला कंप सुटला तेव्हा त्यांनी टेबल सुनेला दिलं, तोंड मात्र स्वतःकडेच ठेवलं. दाराशी खुर्ची टाकून दिवसभर सूचना चालत.

त्या दुपारी एक निवृत्त मास्तर आले. कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येऊन अडकलेली, कार्डाची खाच रिकामी. कार्ड मुलीने नेऊन हरवलं, पण त्यानंतरही बायको फोटो काढतच होती, असं त्यांनी सांगितलं. मग बायको वारली. डबीवालीच्या लक्षात आलं. कार्ड नसलं की असला कॅमेरा आपल्या पोटातल्या चिमूटभर मेमरीत फोटो ठेवतो, जेमतेम नऊ-दहा. असतील तर तिथेच, दुसरीकडे कुठेच नाहीत.

मास्तर जायला तयार नव्हते. स्टुलावर बसून तिच्या हातांकडे बघत राहिले. तिने झाकण उघडलं. बॅटरी काढली तरी फ्लॅशची वीज आत साठून राहते. स्क्रू ड्रायव्हर घसरला तर बोर्ड जळणार, मेमरीसकट.

सासरे दारातून म्हणाले, आधी वीज उतरव. ओठांत दोन स्क्रू धरून तिने मान हलवली.

वीज उतरवली. दातेरी चाकात रुतलेला वाळूचा कण चिमट्याने काढला. बॅटरी घातल्यावर लेन्स कुरकुरत आत गेली, पुन्हा बाहेर आली. सवयीप्रमाणे तिने आपलं चाचणीचं कार्ड खाचेत सरकवलं, समोरच्या भिंतीचा फोटो काढला आणि जुने फोटो बघायचं बटण दाबलं.

भिंत. पुढे सरकवलं, पुन्हा तीच भिंत.

"एवढंच?" मास्तरांनी विचारलं.

हात नेमका कुठे लागला? झाकण उघडल्यापासूनची एकेक हालचाल ती आठवत राहिली. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "आत कार्ड कुणाचं आहे?"

तिचे कान तापले. कार्ड आत असेपर्यंत कॅमेरा स्वतःच्या पोटात डोकावत नाही, हे त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तिने कार्ड ओढून काढलं, कॅमेरा पुन्हा चालू केला.

नऊ फोटो. मास्तर पेपर वाचताना, मास्तर तोंड उघडं टाकून झोपलेले, मास्तर सदऱ्याला बटण लावताना. बायको एकाही फोटोत नव्हती. डबीवालीने चोरून त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर आला होता. शेवटच्या फोटोचा कोपरा ते निरखत होते. तिथे लेन्सच्या आड आलेलं एक बोट होतं, गुलाबी, धूसर.

"हजारदा सांगितलं तिला, बोट मध्ये आणू नकोस म्हणून," ते म्हणाले, आणि तेवढा कोपरा मोठा करून दाखवायला सांगितलं.