वाडग्यातलं जोतं

काचेला प्रेरणा लागत नाही, गॅस लागतो. हे मी पुण्यातल्या एका कलादालनाच्या बाईंना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्या हसल्या, वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि महिन्याभराने त्यांच्या छापील पत्रकात माझ्याबद्दल आलं: "सह्याद्रीच्या कुशीत राहून समुद्राच्या ओढीने काच फुंकणारा अवलिया." तेव्हा माझं वय छत्तीस होतं आणि मी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या आंबेगाव तालुक्यातून समुद्राची ओढ लागायची तर आधी घाट उतरावा लागतो. आणि घाट उतरून कोकणात जायला आमच्याकडे एकच कारण असतं, ते म्हणजे तिकडे दिलेल्या मुलीचं घर. आमची कुणी तिकडे दिलेली नव्हती.

अवलिया होण्याआधी मी पुण्यातच एका वर्कशॉपात कामाला होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं आम्ही करायचो. डोळ्यांना रंगीत चष्मा, समोर बर्नर, हातात काचेची नळी आणि तोंडात रबरी नळीचं टोक. हात सारखे फिरते ठेवायचे आणि काच मऊ झाली की बेताने फुंकायचं. जोरात फुंकलं की फुगा, कमी फुंकलं की पोचा. कला म्हणतात ती एवढीच, बाकी सगळी सवय. पुढे प्लास्टिक आलं, बाहेरचा तयार माल आला आणि वर्कशॉप बंद पडलं. मी बर्नर आणि ऑक्सिजनची टाकी घेऊन गावी आलो आणि घोडेगावजवळ आमच्या घराला लागून पत्र्याची शेड टाकली.

"भाऊ, फुगं फुगिवतो म्हणं तू?" असं लोक विचारायचे. मी हो म्हणायचो. लग्नात भेट द्यायला काचेचे हंस करून विकायचो. त्यांच्या माना बघून खऱ्या हंसाने जीव दिला असता, पण आमच्या भागात खरा हंस कुणीच पाहिलेला नसल्यामुळे माल खपायचा.

वाडगा मात्र विकण्यासाठी केलाच नव्हता. आमचं मूळ गाव वर डोंगरात आहे, धरणाच्या पाण्याखाली. पाणी चढलं तेव्हा मी पुण्यात नळ्या फुंकत होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, चार भांडी, दोन बैल आणि भाताची कणगी घेऊन खाली राहायला आले. तेव्हापासून दर मे महिन्यात ते धरणावर जायचे. उतरताना पाणी डोंगराच्या उघड्या अंगावर एकाखाली एक रेघा सोडत जातं. आप्पा त्या रेघा मोजायचे. नववी पडली की आमच्या घराचं जोतं उघडं होतं, हे त्यांचं पक्कं झालं होतं. मग चिखल तुडवत जायचे, जोत्यावर बसून तंबाखू मळायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणायचे, "घरी."

एका वर्षी पाणी सातव्या रेघेवरच थांबलं आणि पावसाळा आला. आप्पांनी तीन हेलपाटे घातले आणि नंतर घरात कुणाशी धड बोलेनात. आमटीपासून माझ्या दाढीपर्यंत सगळ्यालाच नावं ठेवायला लागले. त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी तो वाडगा केला. माया वगैरे नंतर सुचलं. रुंद नळीचा तुकडा घेऊन बूड बंद केलं, तोंड पसरलं, काचेचा बारीक दोरा ओढून बाहेरून नऊ रेघा फिरवल्या आणि आत तळाला काचेच्या बारीक सळईचा चौकोन डकवला. एका बाजूला दारापुरती फट ठेवली. हे काम फार कटकटीचं. बूड एका जागी जाड, एका जागी पातळ, त्यामुळे निवताना तडा जातो. चार फुटले, पाचवा टिकला.

आप्पांनी तो उजेडात धरला. नखाने रेघा मोजल्या आणि फटीवर बोट ठेवलं. "दार बराबर हाय," म्हणाले. मग त्यात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी ठेवायला लागले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक मला कधी मिळालं नाही.

बाई आल्या त्या भीमाशंकरहून परतताना. कुणीतरी त्यांना काचेच्या हंसांचं सांगितलं होतं. हंस बघून त्यांनी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर खिडकीत वाडगा होता. त्यांनी आप्पांची चुन्याची डबी दोन बोटांनी बाहेर काढून ठेवली.

"ओहोटी!" त्या म्हणाल्या. "अहो, ही तर ओहोटी आहे. पाणी कसं मागे सरत चाललंय."

"धरणाचं पाणी आहे," मी म्हणालो.

"तुम्ही काय केलंय हे तुम्हालाच माहीत नाही."

आपण काय केलं हे आपल्याला सोडून पुण्यात सगळ्यांना माहीत असतं, हा अनुभव मला वर्कशॉपच्या साहेबांपासून होताच. बाईंनी असे वीस वाडगे सांगितले. दोनच दुरुस्त्या होत्या. एक, काच निळी पाहिजे. दोन, तळाचा तो चौकोन काढायचा, कारण तो दोष वाटतो.

मी काढला. इथे माझी घालमेल झाली, अन्न गोड लागेना, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसलं काही झालं नाही. चौकोन गेल्यावर तडे थांबले, मेहनत निम्म्यावर आली आणि मी शीळ घालत वीस वाडगे पुरे केले. धरणाला आमचं घर बुडवायला बरीच वर्षं लागली होती. मला एक आठवडा पुरला.

प्रदर्शनाला आप्पा आले. कडक इस्त्रीची टोपी, नवं धोतर आणि नाकावर धाग्याने बांधलेला चष्मा. बाईंनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि माझ्या हातात भाषणाचा कागद दिला. त्यात लाटांची गाज होती, ओल्या वाळूवरची नक्षी होती आणि क्षितिज तर तीन वेळा होतं. "समुद्र माझ्या श्वासात आहे," असं मी शेवटी म्हणालो. श्वासात खरं तर बर्नरपुढे बसून धरलेला खोकला होता. टाळ्या पडल्या. झब्बा घातलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कुठला किनारा?" मी म्हणालो, "कोकणातला." त्यांनी मान डोलावली. "दिसतंच ते," म्हणाले.

टाळ्या आप्पांनीही वाजवल्या. मग ते उठले आणि टेबलाच्या कडेकडेने चालत एकेका वाडग्यात वाकून बघत गेले. वीसच्या वीस बघितले. मला वाटलं, पोराचं काम डोळे भरून बघतायत. मी बाईंना कौतुकाने दाखवलंसुद्धा.

परतीच्या एसटीत आप्पा चाकणपर्यंत तंबाखू मळत होते. मग म्हणाले, "तू समिंदर कवा बघितला रं?"

"न्हाई बघितला."

"मंग चल. बघून यू."

थंडीत एक जीप ठरवून आम्ही दोघं खोपोलीचा घाट उतरून अलिबागला गेलो. समुद्र मातकट होता. "निळा कुटाय?" आप्पांनी विचारलं. मी म्हणालो, आत असेल. तेवढ्यात त्यांना समोर पाण्यात उभा किल्ला दिसला आणि ते जागच्या जागी थांबले.

"किल्लाबी घातला व्हय पाण्यात?"

"घातला न्हाई आप्पा. पाण्यातच बांधलाय."

"पाण्यात कोण बांधतंय?" माझी कीव करत ते म्हणाले. "लई मोटं धरान हाय पर. किती गावं गेली आसतील ह्येच्यात."

मी समजावायला गेलो, तर पाण्याने आप्पांची बाजू घेतली. ते उतरायला लागलं. बघता बघता लोक घोट्याएवढ्या पाण्यातून किल्ल्याकडे चालत निघाले. आप्पांची खात्रीच पटली. "गावाकडं निघाली मान्सं," म्हणाले आणि वाळूवर मांडी घालून बसले. मी भेळ खाल्ली. शहाळं प्यायलो. घोडागाडीवाल्याला तीनदा नको म्हटलं. आप्पा हलले नाहीत. पाणी मागे सरकेल तशी वाळूवर उमटलेली प्रत्येक रेघ ते बोटावर धरत होते.

दुपार कलली आणि पाणी परत फिरलं. आप्पा उठून उभे राहिले.

"चढाय लागलं की."

"आता चढणारच."

"मंग खालचं गाव?"

"समुद्राखाली गाव नसतं, आप्पा."

"कुनाचंच न्हाई?"

"कुनाचंच न्हाई."

त्यांनी एकदा पाण्याकडे बघितलं. धोतराची वाळू झटकली. "मंग बराबर हाय तुजं," ते म्हणाले. "तवा पुण्यात ईसच्या ईस वाडगं बघितलं. येकातबी आपलं जोतं न्हाई. मनात म्हणलं, पोरगं इसरलं. पर समिंदरच केला व्हता, तर त्यात जोतं कुठनं यील?"

त्यांनी मला माफ केलं असतं तर मी ते निभावून नेलं असतं. पण त्यांच्या मते माफ करण्यासारखं काही झालंच नव्हतं. त्यांनी माझं काम तपासलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. मला तिथेच रडू आलं. घोडागाडीवाला चौथ्यांदा विचारायला येत होता, तो माझं तोंड बघून परत गेला.

घरी आलो तर बाईंचा निरोप होता. ओहोटी सगळी संपली, आणखी तीस हवेत. मी तीस केले. बिनरंगाचे, नऊ रेघांचे आणि तळाला जोतं, दारासकट. किती फुटले ते विचारू नका. खोकी पुण्याला गेली आणि आठवड्यात तशीच परत आली. वर चिठ्ठी होती, "तळाशी दोष आहे."

तेव्हापासून आमच्या घरात मीठ, साखर, चहापूड, तूरडाळ, सगळं त्या वाडग्यांत असतं. वाडग्यातलं सामान तळाला गेलं की मी किराण्याची यादी करायला बसतो. आप्पा आधी आत वाकून बघतात, जोत्यावरचे चार दाणे बोटाने बाजूला सारतात आणि म्हणतात, "उतरलं रं पाणी."