टायगरच्या नावावर

जनावरांच्या दवाखान्यात औषधं कायम कमी पडायची, किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत! निजामाच्या काळात आमच्या तालुक्याच्या गावी असा एक दवाखाना होता आणि मी तिथं कंपाउंडर. जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं मालक बोलतो आणि तिथंच सगळा घोळ होतो. आजही चार जुनी मंडळी जमली की म्हणतात, "हां, काढा तुमची जनावरं!" मी म्हणतो, जनावरांचं काही सांगण्यासारखं नाही हो, ती बिचारी शहाणी होती. मी मालकांचं सांगतो.

आमचे डाक्टर वामनराव हैदराबादेत शिकून आलेले. हाताला हलके आणि तोंडाला तिखट.

*

मुरुमचे एक अडत दुकानदार पोपट घेऊन आले. पिंजऱ्यावर जरीचं कापड, आत पोपट पार बोडका.

"पिसं कधीपासून गळतायत?"

"दिवाळीपासून."

"आता शिमगा आला की हो! मधे काय केलंत?"

"अंगारा लावला, गळ्यात ताईत बांधला, दर्ग्यात नेऊन मोरपिसानं झाडून आणलं, सोमवार धरले."

"सोमवार पोपटानं धरले?"

"न्हाय, बायकोनं."

"मग इथं आधीच का नाही आणलात?"

शेटजींनी डाक्टरांकडं अशा नजरेनं बघितलं की जणू डाक्टरच अडाणी! "आधी एवढा आजारी कुठं होता?"

चौकशीत निघालं की पोपट रोज चहा, भजी आणि रात्री पेढा खात होता. डाक्टरांनी ते सगळं बंद केलं. पेरू, भिजवलेली डाळ आणि स्वच्छ पाणी द्यायचं, आणि पाखरू खायचं थांबलं किंवा अंग फुगवून गप्प बसलं की दुसऱ्याच दिवशी आणायचं, असं दोनदा बजावलं. शेटजी दारापर्यंत गेले आणि परत आले.

"आणि ताईत? तो ठेवायचा का काढायचा?"

"ठेवा," डाक्टर म्हणाले, "तेवढंच वस्त्र आहे अंगावर!"

*

गावात एक वकील होते. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता, आमच्यावर तर नाहीच. त्यांच्या भल्यामोठ्या शिकारी कुत्र्याच्या पोटात जंत झाले. डाक्टरांनी जुलाबाची पुडी दिली.

"हे विष नाही याला पुरावा काय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"कुत्रा उद्या जिवंत दिसेल, हाच पुरावा."

"उद्याचा पुरावा आज चालत नाही," असं म्हणत त्यांनी आमच्यासमोर बोटाला लावून चाखलं. घरी गेल्यावर खात्री पटेना म्हणून आणखी चाखलं. असं करत करत कुत्र्याच्या वाटणीचं फार काही उरलंच नाही!

दुसऱ्या दिवशी कोर्टात मोठा दावा होता. वकीलसाहेब उठले, "हुजूर, माझं म्हणणं असं की..." एवढं बोलले आणि धोतर सावरत बाहेर पळाले. परत आले, "माझं म्हणणं..." पुन्हा बाहेर! शेवटी हुजूरच म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं म्हणणं पोहोचलं." कुत्र्याचे जंत जिथल्या तिथं राहिले.

*

आता सरकारांचं सांगतो. तालुक्याचे सगळ्यात मोठे साहेब, त्यांना गावात सगळे नुसतं 'सरकार' म्हणायचे. त्यांच्याकडं टायगर नावाचा विलायती कुत्रा होता आणि मारुती नावाचा शिपाई. बंगल्यात दर्जा याच क्रमानं!

एकदा मारुती एकटाच दवाखान्यात आला.

"टायगरसाब खोकतेत. औषध द्या."

"कुत्रा कुठाय?"

"सरकार म्हनले, आपला कुत्रा बैलांच्या रांगेत उभा ऱ्हानार न्हाय. तूच जा आन् हकीकत सांग."

डाक्टरांनी कपाळाला हात लावला. "बरं, कसा खोकतो ते तरी करून दाखव."

मारुतीनं पागोटं सारखं केलं आणि खोकून दाखवायला लागला. खोकला तो खोकलाच, थांबेचना! डोळ्यांत पाणी आलं, भिंतीला धरून उभा राहिला. डाक्टरांनी त्याच्या छातीला कान लावला. मग त्यांनी मला अडुळशाचा काढा भरायला लावला. मोठी बाटली भरली, छोटीही भरली.

"छोटी टायगरची. मोठी तुझी."

"माझी?" मारुती घाबरला. "सरकारला कळलं तर?"

"कळलं तर म्हणावं, कुत्र्याचं आहे. टायगरच्या नावावर पी!"

*

टायगरचं दुखणं खोकल्यावर थांबलं नाही, कारण त्याच्यापुढं सगळा तालुका वाकलेला. बेंबळीसारख्या लांबच्या गावाहून कुणी अर्ज घेऊन कचेरीत आला, तरी आधी सरकारांच्या पायाशी बसलेल्या टायगरला जिलबी, मग सरकारांना सलाम! टायगरनं शेपूट हलवली की काम झालं असं लोक धरून चालायचे. कुत्रा ढब्बू झाला, अंगाला खाज सुटली, कान सडायला लागले.

या वेळी डाक्टर स्वतः बंगल्यावर गेले. त्यांनी हुकूम काढला, गोड बंद, मसाला बंद, थोडी भाकरी, बिनमसाल्याचं मटण आणि रोज माळावर पळवायचं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पेशकारांनी, म्हणजे सरकारांपुढं कागद ठेवणाऱ्या कारकुनांनी, फर्मावलं, "टायगरसाहेब पथ्यावर आहेत. त्यांच्यासमोर कुणी डबा उघडायचा नाही!" आठवडाभर सगळी कचेरी दुपारची उपाशी. कुत्रा झपाट्यानं सुधारला. पेशकारांना मात्र चक्कर आली!

*

एवढ्यात एक भलतंच झालं. वेशीपाशी एक पिसाळलेलं कुत्रं आलं, ते टायगरला भिडलं आणि लोकांनी ते मारलं. सरकारांनी ते हसण्यावारी नेलं. तीन आठवड्यांनी मारुती टायगरच्या कानात औषध घालत होता, तर टायगरनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला.

मारुती धडपडत दवाखान्यात आला. जखमेवर कुणीतरी तिखट भरलेलं! डाक्टरांनी ते साबणपाण्यानं कितीतरी वेळ धुतलं. टायगरला एकटं बांधून ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाले, "याला सोलापूरला पाठवायला पाहिजे, पोटातल्या सुया तिथं मिळतात. उशीर झाला तर हा माणूस गेला."

मारुतीला तीन लेकरं.

डाक्टर आणि मी मारुतीला घेऊन तसेच बंगल्यावर गेलो. सरकारांनी पहिला प्रश्न काय विचारला सांगू? "टायगरच्या दाताला तर काही लागलं नाही ना?"

"सरकार, मारुतीला रजा पाहिजे. कुत्रा पिसाळलेला असू शकतो."

"नामुमकिन! खानदानी कुत्रा आहे, पिसाळणार नाही. रजा दिली तर सगळा तालुका म्हणेल, सरकारांचा कुत्रा पिसाळला. रजा नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डाक्टर थंड. ते खाली वाकले, टायगरचे डोळे लांबूनच बघितले आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "तसं नाही सरकार. काळजी टायगरची आहे. त्याच्या तोंडात या माणसाचं रक्त गेलंय. याच्या अंगात काय काय रोग असतील, कुणी सांगावं? याला सुया टोचल्याशिवाय टायगरच्या जिवाची हमी मी देऊ शकत नाही."

सरकार ताडकन उठले. "या अल्ला! मग इतका वेळ काय करताय? मोटार काढा!"

आणि मारुती, जो जन्मात कधी मोटारीत बसला नव्हता, तो सरकारांच्या स्वतःच्या मोटारीतून सोलापूरला गेला! सगळ्या सुया होईपर्यंत तिथं राहायची सोय, वर खाणंपिणं. रोज सरकारांची तार, "टायगर बरा आहे, मारुतीची सुई चुकवू नये."

टायगरला काही झालं नाही. मारुतीलाही नाही. सरकार पुढं कितीतरी दिवस येईल त्याला सांगायचे, "शिपायाला वेळेवर सुया दिल्या म्हणून माझा कुत्रा वाचला!"

सरकारच म्हणतात म्हटल्यावर लोकांना ते पटलंच. महिन्याभरात एक पाटील आपल्या सालगड्याला पाठीवर घेऊन धावत आले. "डाक्टर, लवकर करा, आमचा मोत्या याला चावलाय. मोत्याला काही व्हायला नको!"

डाक्टरांनी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. मलाही तोंड उघडू दिलं नाही.

*

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, सरकार टायगरला घेऊन गेले, नवे साहेब आले. खादीचे कपडे, साधी राहणी. कचेरीसमोर त्यांनी भाषण केलं, आजपासून कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, मारुतीनं सगळ्यात जोरात.

थंडीत एक दिवस मारुती दवाखान्यात आला. खोकून खोकून वाकलेला, अंगात ताप. कधीपासून आहे म्हटलं, तर पंधरवडा झाला म्हणाला.

डाक्टर चिडले. "अरे, मोठ्या दवाखान्यात जायचं ना! आता तर आपलं राज्य आहे. साहेब रजा देत नाहीत का?"

"इचारलं की. म्हनले, कामं लई हायेत, बघू."

मारुती उंबऱ्यावर टेकला. मग हळूच म्हणाला, "डाक्टरसाब, नव्या सायबांनी कुत्रं पाळलंच न्हाय. एखादं चांगलं पिल्लू बघा की त्यांच्यासाठी."