थोरलीची नोंद

पुतण्याने आमचं अख्खं घराणं इंटरनेटवर चढवलं, तेव्हा कौतुक करायचं सोडून मी आधी चुका काढायला बसलो. स्वभावाला औषध नाही. शहापुरात एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. जुन्या कागदांची धूळ खाल्लेल्या माणसापुढे कुठलाही तक्ता ठेवा, तो पहिलं हेच विचारणार, की हे सांगितलं कुणी आणि त्याला कसं माहीत?

हा पुतण्या म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा, नोकरीला हैदराबादला. वंशावळीच्या एका साइटवर चौकटी पाडून आणि रेघा ओढून त्याने टोकावड्याजवळच्या आमच्या गावातली पाच पिढ्यांची माणसं मांडली होती. त्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस जूनच्या पहिल्या तारखेला. शाळेत नाव घालताना गुरुजी हीच तारीख टाकून मोकळे व्हायचे, त्यामुळे त्या दिवशी घरच्या ग्रुपवर शुभेच्छांचा नुसता चिखल झाला. आमचे एक काका ऐन थंडीत जन्मले होते, त्यांनीही मुकाट्याने सगळ्यांचे आभार मानले. मला राग आला, पण हसूही आलं.

इथवर ठीक होतं. मग आमच्या आत्याला तिच्या नातीने मोबाइलवर ते झाड दाखवलं. आत्या किन्हवलीजवळ दिलेली, वय पंच्याऐंशीच्या पुढे, नक्की किती ते तिलाही ठाऊक नाही. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. आजोबांच्या शेजारी एकच चौकट आहे आणि तिथूनच सगळ्या भावंडांना रेघा गेल्यात, असं तिने सांगितलं.

"सगळी हायत रे त्यात," ती म्हणाली. "माझी आय तेवढी नाय."

आत्याची आई वेगळी होती, हे मला अंधुक माहीत होतं. लहानपणी पाहिलेली आजी डोळ्यांपुढे येते ती काळ्या मण्यांच्या पोतीसकट, आणि त्या पोतीत नखाएवढा चांदीचा टाक. त्यावर एका बाईची आकृती होती, झिजून गुळगुळीत झालेली. भात झोडून झालं आणि घरात नव्या तांदळाचा पहिला भात शिजला, की आजी चार शितं त्या टाकाला लावायची आणि मगच आमची ताटं वाढायची. कोण गं ही, असं विचारलं की सांगायची, थोरली. मला वाटायचं, असेल एखादी देवी. त्या भाताला असा वास यायचा की नुसत्या मिठाशी दोन ताटं जायची. आता बाजारातून कितीही महाग तांदूळ आणा, तो वास काही येत नाही.

दिवाळीनंतर आत्या माहेरी यायची. खळ्यावर पेंढा रचलेला असायचा, सकाळचं ऊन हवंहवंसं वाटायचं, आणि ती आणि आजी ओट्यावर बसून एकमेकींचे केस विंचरायच्या. बोलणं कमी आणि खुसुखुसू हसणंच जास्त. वयात फार अंतर दिसत नसे. परगावचा पाहुणा त्यांना बहिणी समजायचा आणि दोघीही त्याला दुरुस्त करायच्या नाहीत. त्या सकाळी आठवल्या की आजही जीव हुरहुरतो. आजी गेल्यावर आत्याचं येणं कमी झालं आणि घरातलं ते हसणंही बंद झालं.

घडलं होतं ते असं. आजोबांची पहिली बायको डोळखांबकडच्या एका पाड्यावरची. आत्या झाली आणि वर्षाच्या आत ती गेली. दुसरी आणली तेव्हा आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे तिला पहिलीचंच नाव ठेवलं. नाव चालू राहिलं की गेलेली बाई दुखावत नाही, अशी समजूत. गेलेलीचं समाधान झालं असेलही, कागदांचं मात्र मातेरं झालं. मतदार यादी बघा, रेशन कार्ड बघा, मृत्यूचा दाखला बघा, सगळीकडे एकच नाव आणि एकच बाई. पहिली गेली तेव्हा तिची नोंद करायला कुणी गेलंच नव्हतं.

मी पुतण्याला फोन लावला. तो ऐकेना. त्याचं म्हणणं, एकूण तीन झाडांत हीच माहिती आहे. एक त्याचं, एक नाशिकच्या कुणा लांबच्या नातलगाचं आणि आणखी एक कुणाचं तरी. मी तिन्ही उघडून पाहिली. तिन्हींत आजीचा फोटो एकच, आणि तो आजीचा नव्हताच. कुणाच्या तरी लग्नात काढलेला तो आमच्या शेजारच्या म्हातारीचा फोटो होता. आजीने उभ्या जन्मात कुणाला फोटो काढू दिला नव्हता. म्हणजे एकाने चूक केली आणि दोघांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली. याला तीन साक्षीदार म्हणत नाहीत. मग पुन्हा फोन करून मी त्याला फोटोचं सांगितलं आणि वयं दाखवून दिली. त्याच्या झाडाप्रमाणे आत्या आणि तिची आई यांच्यात बारा वर्षांचं अंतर होतं. पूर्वी लग्नं लवकर व्हायची ना, काका, असं तो म्हणाला. मी फोन ठेवून दिला, नाहीतर तोंडातून काहीतरी वाईट गेलं असतं.

संध्याकाळी त्याचाच मेसेज आला. काका सॉरी, फोटो काढून टाकला, पण बदल करायचा तर साइट आधार विचारते, काय लिहू? पोरगा रास्त विचारत होता आणि तेच मला झोंबलं. आधार होता फक्त आत्याच्या शब्दाचा, आणि आई गेली तेव्हा आत्या रांगतही नव्हती. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असा जबाब माझ्यापुढे आला असता तर ऐकीव म्हणून मीच तो बाजूला सारला असता.

म्हणून एसटीने किन्हवली गाठली. आत्याने चहा टाकला, आणि मी आडवळण न घेता विचारलं, की तुझी आई वेगळी होती हे तुला कुणी सांगितलं. प्रश्न तिला लागला असावा. कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली.

"तिनंच," ती म्हणाली. "माझ्या लग्नात, हळद लागायच्या आधी. गळ्यातला टाक काढून पाटावर ठेवला नि म्हनली, पयली हिच्या पाया पड. ही तुझी आय. मी मागनं आली."

त्या दिवसापर्यंत आत्याला काहीच माहीत नव्हतं. पोरीला कळू द्यायचं नाही, असं आजोबांनी घरादाराला बजावलं होतं. आजी गप्प राहिली असती तर कुणी विचारलं नसतं, कारण नाव तेच होतं. तिला पुढे मुलगे झाले, लेक ही एकटीच. सांगून तिच्या पदरात काही पडणार नव्हतं, उलट लेक मनाने दुरावण्याची भीती होती, आणि तरी तिने नवऱ्याचं न ऐकता स्वतःच्या तोंडाने सांगितलं. इतक्या वर्षांत मी अनेकांचे जबाब वाचले. माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या फायद्याचं सांगतो. स्वतःचं नुकसान पत्करून बोललेल्या माणसावर मी विश्वास ठेवतो, आणि आजीवर ठेवायला मला एवढा वेळ लागला याची त्या ओटीवर लाज वाटली. आत्याला मी म्हटलं, याच्यापेक्षा पक्का आधार मला कुठे मिळायचा नाही. ती म्हणाली, चहा घे, गार होतोय.

घरी ही गोष्ट पसरली तशी पुतण्याच्या वडिलांनी मला झापलं. आपले बाप आत्याचे सावत्र भाऊ, हे आता जगाला ओरडून सांगायची काय गरज आहे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आत्या आहे तोवर तिची आई झाडावर येणार. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुतण्याने मला झाडात बदल करायची परवानगी दिली आणि मी पुन्हा किन्हवलीला गेलो. आत्याच्या शेजारी बसूनच मोबाइलवर नवी चौकट पाडली. नाव तेच, माहेर डोळखांबकडचं. आधाराच्या जागी लिहिलं, दुसऱ्या पत्नीने मुलीला स्वतः सांगितलं. मग आत्याची रेघ तिकडे जोडली. आत्याने पदराने चष्मा पुसला आणि ती चौकट डोळे भरून पाहिली. आयुष्यभराच्या नोकरीत एवढं मोलाचं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

मग तिचं बोट शेजारच्या चौकटीवर गेलं. तिथून आता फक्त माझ्या वडिलांना आणि काकांना रेघा जात होत्या.

"हिच्याकडची का तोडलीस?"

मी समजावलं, की तिच्याकडूनही रेघ ओढता येते, फक्त नातं कोणतं ते निवडावं लागतं. यादी वाचून दाखवली. जन्मदाती, दत्तक, सावत्र, पालक. सावत्र म्हटल्याबरोबर तिने मान फिरवली.

"नुसती आय नाय काय त्यात?"

नव्हती. मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. मग दोघींच्याही रेघेवर जन्मदाती निवडलं. साइटने कुरकुर केली नाही. ही नोंद खोटी आहे हे मला पक्कं माहीत आहे. उद्या कुणीतरी ती आपल्या झाडात उतरवून घेईल, त्याच्याकडून आणखी कुणी घेईल, आणि त्यांच्यापैकी एकालाही मी फोन करणार नाही.