आतोबांची शेगडी

आमच्या आतोबांनी आयुष्यात एका वेळी दोन गोष्टी कधीच बदलल्या नाहीत. नवा सदरा घातला की त्या दिवशी धोतर जुनंच. अंग खाजलं तर दोष कुणाचा, ते कळायला नको? आत्याचे हे यजमान झाशीला रेल्वेच्या लोको शेडमध्ये बॉयलरच्या कामावर होते, आणि कोटाच्या खिशातल्या घड्याळामुळे सदर बाजारात त्यांना सगळे ‘घड़ीवाले बाबूजी’ म्हणत. सर्दी झाली तर पहिल्या दिवशी फक्त काढा, दुसऱ्या दिवशी फक्त वाफ. “दोन्ही एकदम घेतलं तर उपकार कुणाचे मानू?” सर्दी आठ दिवस मुक्काम करी, पण हिशेब चोख.

मी तेव्हा अठरा वर्षांची आणि स्वतःच्या मते महाविदुषी. तरी बी.एस्सी.ला गणितात आंशिक विकलनाच्या, म्हणजे पार्शल डिफरन्शिएशनच्या पेपरात सपशेल आपटले. माझ्या वडिलांनी, दादांनी बजावलं, “पुन्हा नापास झालीस तर कॉलेज बंद. ग्वाल्हेरचं स्थळ पक्कं करतो.” मी खंडेराव गेटपासून प्रेमनगरपर्यंत रडत आतोबांकडे गेले. त्यांनी माझी वही मिटली आणि आत्याची कोळशाची शेगडी पुढे ओढली. तिला खाली हवेची झडप त्यांनीच बसवली होती, वर खुणाही कोरल्या होत्या.

“भाताला लागणारा वेळ पाणी, कोळसा आणि झडप, तिघांवर अवलंबून. जास्त जोर कुणाचा, शोध.”

मी उत्साहाने तिन्ही एकदम वाढवली. भात करपला. “आता गुन्हेगार कोण?” त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मी शहाणी झाले: बाकीचं जागच्या जागी ठेवून एकच गोष्ट हलवायची. एका दिवशी पाणी दुप्पट केलं, दुसऱ्या दिवशी झडप जराशी उघडली, आणि रुबाबात निकाल दिला, “पाणी!”

“अगं, एकाला धक्का मारलास आणि दुसऱ्याला नुसतं बोट लावलंस. हा न्याय झाला? प्रत्येकाला त्याच्या मापाचा दहावा हिस्साच वाढव, मग तुलना कर.”

“अहो जी,” आत्या ओरडली, “पोरगी पास होईपर्यंत आपण कच्चा भात खायचा का?”

आठवड्याने झडप जिंकली. मी नाचायला लागले, तर आतोबा म्हणाले, “हे आत्ताच्या ठिकाणापुरतं. झडप आधीच सताड उघडी असती, तर तिचा जोर वेगळा निघाला असता.”

परीक्षेत नेमका तसाच प्रश्न आला. मला कागदावर अक्षरं नाहीत, शेगडी दिसली. पास झाले आणि ‘हे मला आपोआप सुचलं’ असं कॉलेजभर सांगत सुटले. ग्वाल्हेरचं स्थळ माझी पदवी होईपर्यंत थांबलं. आत्ता ते माझ्यासमोर कपाळावरचा चष्मा घरभर शोधतंय.

आतोबा गेले, त्यानंतर महिन्याभराने मी आत्याकडे गेले होते. कोट खुंटीला, घड्याळ चावी दिलेलं, शेगडीवर भात.

“सगळं जागच्या जागी आहे गं,” आत्या म्हणाली. “मी काही हलवलं नाही. मग घर एवढं कसं बदललं?”

गणितात पास झालेली मी खाली वाकून शेगडीची झडप उगाच एक खूण उघडत बसले.