छबुबाईंची दाढ

गेवराईत दातांच्या डॉक्टर पौर्णिमाबाईंचा हात हलका आणि जीभ तिखट. तंबाखूवाल्याला त्या अशा झापायच्या की त्याला वाटावं, यापेक्षा ठणकणारी दाढ परवडली! लोकांना त्याचंही कौतुक. घराण्यातली पहिली डॉक्टर, बोलणारच की.

छबुबाईंच्या दाढेत भरलेला मसाला दोन महिन्यांत अर्धा निघून आला, तेव्हा बाईंनी भरल्या दवाखान्यात त्यांना फैलावर घेतलं. "मावशी, मिश्री लावता ना? मग कसा टिकेल? वर माझ्याच कामाला नावं ठेवायला मोकळ्या!" बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. छबुबाई मान खाली घालून म्हणाल्या, "चुकलंच, बाई."

आत नेऊन बाईंनी दाढ तपासली. उरलेला मसाला वरून कडक होता, पण सळई टोचली तर खाली मऊ, कणकेसारखा. त्यांचा हात थांबला. हा मसाला पातळ थरांनी भरायचा आणि दर थरावर निळा दिवा जवळ धरायचा, तरच तो तळापर्यंत घट्ट होतो. दाढ भरली त्या दिवशी आठवडी बाजार होता, बाहेर ही गर्दी. बाईंनी सगळा गोळा एकदम कोंबला आणि दिवा वरवर दाखवून मोकळ्या झाल्या. मिश्रीचा यात काडीचा संबंध नव्हता.

"मावशी, मिश्री अजून लावता?"

"न्हाई. मागं तुमी सांगितलं तवाच सोडली. लई जड गेलं."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"चारचौघांत तुमाला खोटं कसं पाडावं, बाई?"

पौर्णिमाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दाढ पुन्हा भरली, या वेळी नीट, थरावर थर. मग छबुबाईंना घेऊन बाहेर आल्या.

"ऐका सगळ्यांनी. चूक मावशींची नव्हती. घाईत मीच काम कच्चं केलं."

मग छबुबाईच लगबगीने म्हणाल्या, "तसं काय न्हाई हो. माझंच तोंड खराब हाय."

लोकांचा विश्वास बसला तो छबुबाईंवर. "बघा, डॉक्टरबाईंचं केवढं मन! दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर घेतात," बाकावरची सुंदरबाई म्हणाली, "माझी दाढ बी तुमीच भरा." बाईंनी पुन्हा सांगून पाहिलं, पण सांगावं तितकं कौतुक वाढत गेलं.

बाकाच्या टोकाला छबुबाई समाधानाने हसत होत्या. आपण बाईंची अब्रू राखली, असं त्यांना वाटत होतं. पौर्णिमाबाईंना त्यांच्याकडे बघवेना.