खांदा बघणारी

खांदा बघणारी कळव्याची ती बाई माणसाशी नाय, हाताशी बोलायची. मी म्हटलं, "मावशे, लय दुखतंय गो," तर म्हणाली, "तू गप. मी हाताला विचारतेय."

मिठागरात पाट्या वाहून माझा खांदा धरला होता. वैद्यानं हात फडक्यानं गळ्यात बांधला, तर तो लाकडासारखा झाला. दुसरा एक वैद्य तापल्या सळईनं डाग द्यायला निघाला. हिनं फडकं सोडलं. मला वाकवून हात लोंबता ठेवला नि हलवायला लावला. मग मूठभर नाचणी घालून जातं ओढायला लावलं. "रडायचं तर रड, हात थांबवू नको."

हात जरा वर जायला लागला, तोच मुकादमाचा निरोप आला, उद्या आली नाय तर दुसरी बाई घेतो. घरात कमावणारी मी एकटी. गेले, भरल्या पाटीला वाकले. ती मावशी रिकामी पाटी घेऊन बांधावरून आली नि माझी अर्धी पाटी तिच्यात ओतली.

मुकादम ओरडला, "अर्ध्या पाटीला बाई ठेवत नाय मी!"

"पुरीच जातेय की रे, दोन डोक्यांवरनं," म्हणाली नि चालू लागली. माझ्या आईच्या वयाची होती.

होळीपर्यंत रोज आली. खांदा बघायला नाय, अर्धी पाटी न्यायला.